तांबीचं बिल

चि. बाळा,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, विम्याच्या दाव्यांत एका बाईचं तांबी बसवल्याचं बिल आलं होतं. नियमात बसत नाही म्हणून मी परत पाठवलं. पण तेव्हापासून मनाला लागून राहिलंय." तुझ्यामागे ऑफिसातली माणसं बोलत होती, म्हणून मी एवढंच म्हणाले की सविस्तर लिहिते. हे पत्र तुझ्या साहेबांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. त्यांनी वाचावं अशीच माझी इच्छा आहे.

तू नियमाप्रमाणे वागलीस. नियमच बदलायला हवा, आणि तो का बदलायला हवा हे तुला विमा शिकवणाऱ्या पुस्तकात सापडणार नाही. घनसावंगी, अंबड, मंठ्याकडच्या ज्या आरोग्य उपकेंद्रांत मी सिस्टर म्हणून नोकरी केली, तिथे ते सापडेल.

आधी तुझा नियम. विमा नियामकाने 2019 साली सगळ्या कंपन्यांसाठी वगळायच्या गोष्टींची एकसारखी यादी काढली आणि ऑक्टोबर 2020 पासून ती सगळ्या पॉलिसींना लागू झाली. त्या यादीत सतराव्या क्रमांकावर वंध्यत्व आहे, आणि त्याखाली पहिलीच नोंद आहे ती कोणत्याही प्रकारच्या गर्भनिरोधनाची आणि नसबंदीची. मग टेस्ट ट्यूब बाळ, सरोगसी, नसबंदी उलटवणं. त्याच्या पुढचं, अठरावं कलम बाळंतपणाचं. आता बघ, बाळंतपणाचं कलम कंपन्यांनी कधीच सैल केलं. तुझ्या स्वतःच्या ऑफिसच्या पॉलिसीत सिझरचे पैसे मिळतात, बाळ पेटीत ठेवावं लागलं तर त्याचेही मिळतात. वंध्यत्वावरच्या उपचारांचे पैसेही काही कंपन्या देऊ लागल्या आहेत. ही दारं उघडली, कारण लोकांनी मागणी केली. तांबीसाठी कुणी मोठ्याने मागणी करत नाही. जिला ती हवी असते ती बाई आमच्या उपकेंद्रातसुद्धा आधी खोकल्याच्या गोळ्या मागते, लेकराचं वजन करून घेते, आणि सगळे निघून गेले की हळूच म्हणते, "सिस्टर, ते एक विचारायचं होतं."

अशाच एकीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. ऊसतोडीत नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता. दसरा झाला की मुकादमाची उचल घ्यायची, टोळीबरोबर ट्रकमध्ये बसायचं आणि पाडव्याच्या सुमाराला परत यायचं. सोळाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन लेकरं. तिला तिसरं लगेच नको होतं, पण ऑपरेशनही नको होतं. "धाकटं दुबळं आहे सिस्टर, त्याचं काही झालं तर?" हा तिचा हिशोब होता आणि तो चुकीचा नव्हता. तिने 'अंतरा' इंजेक्शन निवडलं. दर तीन महिन्यांनी एक सुई. घरात गोळ्यांचं पाकीट सापडायची भीती नाही, आणि नवऱ्याला सांगायचं की नाही हे तिच्या हातात. मी तिचं कार्ड भरून दिलं, पुढच्या सुईची तारीख त्यावर मोठ्या अक्षरात लिहिली. तारीख डिसेंबरच्या अखेरीची होती. तेव्हा ती साखर कारखान्याच्या फडात होती.

सरकारी दवाखान्यात ती सुई कुठेही फुकट मिळते, हे मी तिला निघताना सांगितलं होतं. पण फडात बाई पहाटे तीनला उठते. दिवस बुडाला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते होतात. सरकारी दवाखाना लांब, वेळ ठरलेली, गाव अनोळखी. जवळच्या खासगी डॉक्टरने सुई द्यायची तयारी दाखवली, पण तो पैसे मागत होता, आणि जोडप्याचे पैसे नवऱ्याच्या खिशात. सुई चुकली. उन्हाळ्यात ती परत आली तेव्हा तिला चार महिने झाले होते. तिसरं बाळंतपण झालं आणि त्यातच ऑपरेशनही उरकलं. वय तेवीस.

त्या फडातल्या डॉक्टरसमोर तिच्या हातात एखादं कार्ड असतं, ज्यावर ती सुई विनापैसे मिळाली असती, तर तिचं आयुष्य वेगळ्या वळणाने गेलं असतं. मी विम्याची बाजू घेते ती यासाठी. सरकारी सोय गावाला बांधलेली असते. विम्याचं कार्ड माणसाबरोबर फिरू शकतं. आणि जालना, बीड, परभणीकडची माणसं फिरतीची आहेत, हे तुला नव्याने सांगायला नको.

आता तू म्हणशील, सरकार तांबी, गोळ्या, निरोध, अंतरा, सगळं फुकट देतं, मग विमा कंपनीने का द्यावं? मी सगळी नोकरी तेच वाटण्यात घालवली, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे. 'छाया'ची गोळी आपल्याच देशात, लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झाली; पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तांबीचे दोन प्रकार, एक पाच वर्षांची, एक दहा वर्षांची. हे सगळं आशाताईच्या पिशवीतून किंवा आरोग्य केंद्रातून मिळतं, आणि गांधी चमनजवळच्या स्त्री रुग्णालयात बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवूनही मिळते. तरीही आकडे काय सांगतात? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायांपैकी 49 टक्के बायांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुष नसबंदीचा आकडा अर्धा टक्काही नाही. म्हणजे पाळणा लांबवण्याची साधनं फुकट असूनही आपल्या राज्यात मुख्यतः पाळणा थांबवलाच जातो, तोही बाईच्या पोटावर टाके घालून किंवा दुर्बीण घालून, आणि बहुतेकदा पंचविशीच्या आसपास.

याला कारणं आहेत. एक तर ज्याच्यासाठी पैसे हलतात तेच काम होतं. कैक वर्षं ऑपरेशनला भरपाईचे पैसे ठरलेले होते, पुरुषाला 1,100 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला 600, इतरांना 250. मजुरी बुडते म्हणून ते द्यायलाच हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तांबीसाठी, सुईसाठी आलेल्या बाईचाही दिवस बुडतो. तो सहसा कुणी धरत नाही. 1996 साली उद्दिष्टांची पद्धत कागदावर बंद झाली, तरी मार्च जवळ आला की "केसेस किती झाल्या?" हा प्रश्न पुढेही बरीच वर्षं आमच्या बैठकांत येत राहिला. केस म्हणजे ऑपरेशन. कुणा बाईला चार वर्षं व्यवस्थित गोळ्या पुरवल्या, हे मोजायला कुठलाच रकाना नव्हता.

दुसरं म्हणजे त्रास झाला की कुठे जायचं? तांबीने सुरुवातीचे काही महिने अंगावरून जास्त जातं, कंबर दुखते. अंतराने पाळी लांबते किंवा बंद होते. यात घाबरण्यासारखं बहुतेकदा काही नसतं, पण एकदा तपासून, धीर देऊन पाठवावं लागतं. उपकेंद्र बंद असलं की बाई खासगीत जाते, शंभर-दोनशे फी भरते, आणि तिथे कुणीतरी म्हणतं, "काढून टाकू." तांबी बसवण्याएवढीच ती वेळेवर तपासण्याला आणि बाईने मागितली तेव्हा काढून देण्याला किंमत आहे. म्हणून विमा द्यायचा तर तिन्हीचा द्या. फक्त बसवण्याचा देऊ नका.

आता जे मला सगळ्यात जास्त सलतं ते सांगते.

2019 साली बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. बीड आपल्याला लागून आहे, गोदावरी ओलांडली की गेवराई. आपल्याकडच्या बायाही त्याच टोळ्यांतून जातात. लवकर लग्न, पाठोपाठ बाळंतपणं, तिशीच्या आत ऑपरेशन, मग अंगावरून पांढरं जाणं, पाळीत जास्त रक्त जाणं, फडात पाण्याची आणि आडोशाची सोय नाही, आणि शेवटी कुणीतरी सांगतं की पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल. बाई सोनं गहाण टाकून पिशवी काढून येते. पस्तिशीत हाडं दुखतात, घाम फुटतो, आणि कामाची ताकद वाढेल म्हणून जे केलं त्याच्या उलटंच होतं.

जास्त रक्तस्रावावर एक उपाय आहे. गर्भपिशवीत बसवायची संप्रेरकाची तांबी. ती पाच वर्षं आणि त्याहून जास्तही चालते, रक्तस्राव खूप कमी करते, आणि अनेक बायांची पिशवी तिने वाचते. जगभर स्त्रीरोगतज्ज्ञ ती याच कामासाठी वापरतात. तिला काही हजार रुपये पडतात. पण ती गर्भनिरोधकही आहे, त्यामुळे तुझ्या सतराव्या कलमात अडकू शकते. बसवायला दहा मिनिटं लागतात, खाटेवर झोपावं लागत नाही, त्यामुळे चोवीस तास भरतीच्या अटीतही ती बसत नाही. आणि पिशवी काढायची म्हटली तर? भरती आहे, भूल आहे, टाके आहेत. ते विम्याला समजतं. बाळा, अवयव काढायला पैसे आहेत आणि तो वाचवायला नाहीत, अशी रचना कुणी मुद्दाम केली असं मी म्हणत नाही. पण रचना तशी झाली आहे आणि ती बायांच्या शरीरावर उमटते.

सरकारी विम्यातही हीच अडचण. महात्मा फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, पुढच्या वर्षी सगळ्या राज्यात आली. आयुष्मान भारत 2018 ची. आता दोन्ही मिळून कुटुंबाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि त्याने आपल्या गावातल्या कितीतरी माणसांच्या हृदयाच्या, किडनीच्या शस्त्रक्रिया झाल्या. आरोग्यमित्राच्या टेबलापाशी बसून कागद भरताना मीही लोकांना मदत केली आहे. पण ती योजना उभी आहे भरतीवर. बाह्यरुग्ण म्हणून आलेली बाई तिच्या हिशोबात नाही.

गर्भनिरोधन आणि विमा यांची आपल्या देशात गाठ पडलीच नाही असं मात्र नाही. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी शिबिरांतल्या हलगर्जीपणावर कान उपटले, आणि सरकारने कुटुंब नियोजन विमा योजना आणली. नसबंदीनंतर बाई दगावली तर वारसांना भरपाई, शस्त्रक्रिया फसून दिवस गेले तरी भरपाई. पुढे 2013 पासून विमा कंपनी बाजूला झाली आणि राज्यंच हे पैसे देऊ लागली. ती भरपाई मिळाली पाहिजे. पण विचार कर, या क्षेत्रात विमा आला तो साधन फसल्यावर किंवा जीव गेल्यावर. साधन नीट निवडण्यासाठी, नीट वापरण्यासाठी तो आलाच नाही.

चांगलं उदाहरणही घरातच आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या सळ्यांच्या कारखान्यांत तुझे मामा काम करायचे, त्यांच्या पगारातून ईएसआयची कपात व्हायची. 1948 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या कामगार विम्यात नसबंदी करणाऱ्या पुरुषाला सात दिवस आणि बाईला चौदा दिवस पूर्ण पगाराएवढा लाभ मिळतो. म्हणजे विम्यात गर्भनिरोधन बसवता येतं, बसवलेलं आहे, आणि त्याने तो विमा काही बुडाला नाही. फक्त तिथेही हा लाभ ऑपरेशनलाच आहे.

शासनाने आमच्या मुलांची संख्या मात्र नेहमी बारकाईने मोजली. 1976 साली आपल्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. 2005 पासून सरकारी नोकरीच्या अर्जाला लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. गर्भनिरोधकांवर जीएसटी नाही, म्हणजे ती गरजेची वस्तू आहे हेही सरकारला मान्य आहे. सरपंचपद जाईल इतकी ही गोष्ट महत्त्वाची असेल, तर तिचा खर्च आरोग्याच्या खर्चात धरायला काय हरकत आहे? आणि सरपंचपद जातं तेव्हा कैक वेळा बाईचं जातं, जिच्या हातात मुलांची संख्या कधी नव्हतीच.

आपल्या भाषेत हे बोलणारी माणसं फार आधी होऊन गेली. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गेली, 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले झेलले. एका खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आणि नोव्हेंबर 1938 मध्ये मुंबईच्या विधानसभेत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला की संततिनियमनाची साधनं सरकारने लोकांपर्यंत पोहोचवावीत. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. ठराव पडला. हा विषय परदेशातून आलेलं फॅड आहे असं तुझ्या ऑफिसात कुणी म्हणालं, तर हे त्याला सांग. परदेशाचं म्हणशील तर ब्रिटनमध्ये 1974 पासून सरकारी आरोग्यसेवेत गर्भनिरोधन फुकट आहे, आणि अमेरिकेत 2010 च्या आरोग्य कायद्यानंतर बहुतेक विमा कंपन्यांना ते रुग्णाकडून एक पैसाही न घेता द्यावं लागतं. तिथे धर्माच्या नावावर 2014 साली काही मालकांनी सूट मिळवली. आपल्याकडे तसं भांडणसुद्धा उभं राहिलेलं नाही.

तुझे साहेब म्हणतील, विमा अचानक येणाऱ्या संकटासाठी असतो. तांबी बसवायची की नाही हे बाई ठरवून करते, त्याला जोखीम कसं म्हणायचं? मग वार्षिक तपासणीचे पैसे तुम्ही का देता? पुढचा मोठा खर्च टळावा म्हणूनच ना? दोन बाळंतपणांत अंतर नसलं की बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. आईच्या अंगात रक्त उरत नाही. काचेच्या पेटीतल्या एका बाळाचं बिल आणि तांबीचं बिल शेजारी ठेवून बघ. हा हिशोब तुम्हा लोकांना माझ्यापेक्षा चांगला करता येतो.

मला भीती मात्र एका गोष्टीची आहे, आणि ती तुला आधीच सांगून ठेवते. खासगी दवाखान्याला प्रत्येक ऑपरेशनमागे विम्याचे पैसे मिळू लागले, तर उद्या पुन्हा केसेस मोजल्या जातील. पिशव्यांच्या बाबतीत आपण ते पाहिलं. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने नसबंदीची शिबिरं बंद करा असं सांगितलं, ते उगाच नाही. म्हणून सुरुवात परत फिरवता येणाऱ्या साधनांपासून करा. तांबी, सुई, गोळ्या, संप्रेरकाची तांबी. त्यांच्या जोडीला पुरुष नसबंदी घ्या. बाईच्या ऑपरेशनला पैसे द्यायचे तर तिला बाकीची साधनं समजावून सांगितली होती, हे तिने स्वतः, तिला वाचता येईल अशा मराठीत लिहून दिलेलं असावं. सासूची, नवऱ्याची सही त्यात लागू नये. कायद्याने ती लागत नाहीच, तरी दवाखाने मागतात.

आणि मोबाईलचं बघा. पॉलिसी नवऱ्याच्या नावावर, नंबर नवऱ्याचा. बायकोने सुई घेतली की त्याच्या फोनवर संदेश टिंग करून वाजणार, अमुक दवाखाना, अमुक उपचार, अमुक रक्कम. आमच्याकडे काही बाया तेवढ्यावरून मार खातील. हे मी वाढवून सांगत नाही. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक बाईचा दावा तिच्या स्वतःच्या नंबरवर जावा, आणि त्यात साधनाचं नाव नसावं. हे करायला कायदा बदलावा लागत नाही, तुमच्या संगणकवाल्यांना सांगावं लागतं. तुमच्या पॉलिसीत लग्न न झालेल्या मुलीही असतात, त्यांच्यासाठी तर हे जास्तच महत्त्वाचं. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या कायद्यात विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही असं सांगितलं. गर्भनिरोधनात तरी तो का असावा?

तुझ्या एकटीच्या हातात कलम बदलणं नाही, हे मला समजतं. पण तू परत पाठवलेल्या बिलांची नोंद तुझ्याकडे राहते. वर्षभरात गर्भनिरोधनाची किती बिलं आली, किती रकमेची होती, त्यांतली किती जास्त रक्तस्रावासाठी होती, एवढं मोजून नवीन पॉलिसी बनवणाऱ्या विभागाला पाठव. वगळलेली गोष्ट पॉलिसीत घ्यायला कंपनीला कुणी अडवलेलं नाही, बाळंतपणाच्या बाबतीत तुम्ही तेच केलंत. आणि त्या बाईचे कागद एकदा पुन्हा काढून बघ. तांबी कोणती होती, आणि डॉक्टरने कारण काय लिहिलं होतं. रक्तस्रावाचं निदान लिहिलेलं असेल तर तो दावा उपचाराचा आहे, आणि तो पुन्हा तपासायला घ्यायचा अधिकार तुमच्याकडे असणार. असेल तर घे, आणि काय झालं ते मला कळव.

दिवाळीला येशील तेव्हा तुझ्यासाठी मोसंब्या ठेवते.

तुझी,
मावशी